गबदूचं पोट

"मॅडम, हे अस्वल तं पिचकलं!"

दर्यापूरकडच्या कुठल्याशा शाळेतल्या दुसरीच्या पोरीनं गबदूच्या पोटात बोट खुपसलं होतं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला. अस्वलाच्या पोशाखातल्या वलीनं सवयीनं दोन्ही पंजे पोटावर आपटले आणि डावीउजवीकडे झुलून दाखवलं, तर पोट दुसऱ्या बाजूनंही आत गेलं. पोरगी दोन पावलं मागे सरली. बाईंनी ओळ छोट्या आगगाडीकडे वळवली आणि गबदूबरोबर फोटो काढायला कोणी थांबलं नाही.

तानुबाईनं पंजा धरून त्याला शेडमध्ये नेलं. अस्वलाच्या तोंडाच्या जाळीतून आतल्या माणसाला स्वतःच्या पायांपलीकडे फारसं दिसत नाही, म्हणून दिवसभर कोणीतरी त्याला हाताला धरून फिरवावं लागतं. ते काम वलगावच्या तानुबाईचं. दार लावून तिनं पाठीवरची चेन ओढली, डोकं उचललं. वली घामानं निथळत बाहेर आला आणि कमरेवर हात ठेवून भिंतीला टेकला.

"लय दुखून राह्यलं काय?"

"थे तं रोजचंच हाय. पोट पाह्यलं का त्याचं, तानुबाई? आतल्या फोमचा भुगा झाला. चाललो का पायात पिवळी पूड सांडते."

"बुधवारी तपासाले येऊन राह्यला थो मुंबईवाला. त्यानं पाह्यलं तं?"

"पाह्यलं तं संपलं," वली म्हणाला. बोलताना आपला आवाज हलका झाल्यासारखा त्याला वाटला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

किसनरावांनी नांदगाव पेठेजवळ हमरस्त्याला लागून मौजबाग काढली, त्याला तीन वर्षं झाली होती. टीव्हीवरच्या गबदू अस्वलानं तेव्हा पोरांना वेड लावलं होतं. मुंबईच्या एका लहानशा कंपनीचं ते अस्वल. किसनरावांनी थेट मुंबई गाठून दहा वर्षांचा करार केला: दीडशे किलोमीटरच्या आत दुसऱ्या कुठल्याही बागेत गबदू दिसणार नाही. अमरावती, चांदूर बाजार, अचलपूर, सगळीकडच्या शाळांच्या सहली मौजबागेत लोटल्या. मग दोन वर्षांनी एका बड्या कंपनीनं ती लहान कंपनी गिळली, आणि त्या बड्या कंपनीची अकोल्याजवळ स्वतःची जादूवाडी होती.

आता गंमत पाहा. अस्वल ज्यांच्या मालकीचं, त्यांना ते स्वतःच्या बागेत नाचवता येईना, कारण किसनरावांचा करार आडवा. आणि करार ज्यांच्या हातात, त्यांना अस्वलाचा एक केससुद्धा बदलता येईना. दुरुस्ती करायची तर ती कंपनीनंच. आत माणूस जायचा तर तो कंपनीनंच शिकवलेला. सलग तीस दिवस गबदू लोकांना दिसला नाही, तर करार खलास. किसनरावांनी दुरुस्तीसाठी चार पत्रं पाठवली आणि चारही वेळा एकच उत्तर आलं, विषय विचाराधीन आहे. भांडणाची गरजच नव्हती. अस्वल झिजण्याची वाट पाहत बसायचं, एवढंच कंपनीचं काम होतं.

मुंबईला आठ दिवस शिकून आलेले दोघंच होते. त्यातला सूर्यभान सुरतेला निघून गेला. नव्या माणसाला शिकवायला कंपनी तयार नव्हती. उरला वली, आणि गबदूच्या कातड्यात तो असा अडकला की बाहेर पडायची सोयच राहिली नाही.

वली पिढीजात पिंजारी. त्याचा बाप खांद्यावर कापूस पिंजायचं धनुष्यासारखं पिंजण टाकून अमरावतीच्या गल्ल्यांतून फिरायचा, दारात बसून गाद्या भरून द्यायचा. फोमच्या गाद्या आल्या आणि गिऱ्हाईक आटलं, तेव्हा वलीनं मौजबागेची वाट धरली. आता वय सेहेचाळीस, आणि मणक्यात गॅप पडल्याचं डॉक्टरनं सांगितलेलं. साळा शाकीब अकोल्यात गाद्यांचा कारखाना काढत होता. त्याला रुई ओळखणारा माणूस हवा होता. "महिनाअखेरपर्यंत तुमची जागा धरतो भाईजान, मग दुसरा पाहीन," असं त्यानं स्वच्छ सांगितलं होतं.

वलीनं किसनरावांपाशी विषय काढून पाहिला होता. किसनराव चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खुर्चीत खाली सरकले.

"तू गेला तं अस्वल गेलं, वली. अस्वल गेलं तं शाळा गेल्या. एकतीस माणसं हायेत आपल्याकडे. मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?"

ती एकतीस माणसं वलीला तोंडपाठ होती. तीन वर्षं नापिकी होऊन काळ्या रानानं ज्यांना हात दाखवला, ती माणसं इथं पाळण्यांचे दांडे ढकलत होती, भुट्टे भाजत होती, दुसऱ्यांच्या पोरांना उचलून घसरगुंडीवर बसवत होती. त्यातले निम्मे त्याला भेटून गेले. तानुबाई मात्र एकदाही म्हणाली नाही की जाऊ नको. रोज मुकाट्यानं हात धरायची. वलीला सगळ्यात जड तेच जायचं.

म्हणून बुधवार हा त्याला अल्लानंच धाडल्यासारखा वाटत होता. मुंबईचा तपासनीस येईल, पिचकलेलं पोट पाहील, अस्वल दाखवण्याजोगं नाही म्हणून कागदावर फुली मारेल, आणि दुरुस्तीविना तीस दिवस उलटतील. करार मोडला तर तो अस्वलाच्या जीर्णपणानं मोडेल. वलीनं कोणाला सोडलं असं होणार नाही. त्यानं करायचं काय, तर काहीच नाही. हातावर हात ठेवून बसायचं.

आणि नेमकं तेवढंच त्याला जमलं नाही.

सोमवारी बाग बंद असायची. जेवण झाल्यावर वली पडून राहिला, कूस बदलली, उठून बसला. मग त्यानं भिंतीवरचं बापाचं पिंजण खाली काढलं. बायको, परवीन, दारात भाजी निवडत होती.

"अजी, कुठं चालले?"

"येतो दोन घंट्यात."

परवीननं पिंजणाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"या खुदा! त्या अस्वलाले हात लावू नका. तसंच राहू द्या त्याले. आपली सुटका हाय त्याच्यात."

"त्या पोट्टीनं बोट घातलं परवीन, अन् पोट वरच नाई आलं. पिंजाऱ्याच्या आंगावर असं पोट?"

"लोकायले काय ठाव आत पिंजारी हाय म्हून?"

"मले ठाव हाय ना."

"मंग जा," ती म्हणाली आणि मेथीची जुडी टोपलीत आपटली. "जनमभर त्याच्याच पोटात राहा."

वलगावच्या कापसाच्या जिनातून त्यानं ओळखीनं धुवट पांढरी रुई आणली. बागेच्या चौकीदारानं विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. शेडमध्ये अस्वलाचं अस्तर उसवलं तर पिवळा भुगा पसाभर खाली आला. तो झाडून काढला, पिंजण टांगलं, लाकडी मुठीनं पिंजणाच्या ताणलेल्या तातेवर घाव घातला. दुपारच्या रिकाम्या बागेत तो आवाज घुमला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा वलीला आपण कामावर आलोय असं वाटलं. रुई फुलून गुडघ्यापर्यंत आली. त्यानं ती थरावर थर देऊन भरली, गोळे होऊ नयेत म्हणून आतून टाके घातले, अस्तर शिवून टाकलं. पाठ दुखत होती, पण ते दुखणं ओळखीचं होतं. निघताना त्यानं गबदूच्या पोटावर थापटी मारली, तसं ते नव्या भरल्या गादीसारखं वर आलं. त्या क्षणी अकोला, शाकीब, बुधवार, काहीसुद्धा त्याच्या मनात नव्हतं.

त्या सालात मुंबईची माणसं वऱ्हाडात यायची ती करपलेली शेतं पाहायला. गाड्या धुरळा उडवत खेड्यांत शिरायच्या, फोटो काढून परत जायच्या. तपासनीस कुलदीप तेवढा अस्वल पाहायला आला. पंचविशीतला पोरगा, गळ्यात कॅमेरा, काखेत मूळ फोटोंचा अल्बम. वागायला चांगला होता. तानुबाईला त्यानं ताई म्हटलं आणि तिच्या हातचं पाणी प्यायला.

एकतीसही माणसं काही ना काही निमित्त काढून अवतीभवती घुटमळत होती. वली गबदू होऊन मधोमध उभा राहिला. कुलदीपनं टेपनं उंची मोजली, कान मोजले, फोटोंशी रंग ताडून पाहिला, एकेका रकान्यात बरोबरची खूण केली. शेवटी त्यानं पोट दाबलं आणि सोडलं. पोट झटकन वर आलं.

"कमाल आहे किसनराव. आमच्याकडे तर म्हणत होते, आतापर्यंत पार कामातून गेलं असेल. इतकं छान कसं राखलंत?"

किसनरावांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ते नुसते हसले. कुलदीप पुन्हा पोट दाबत म्हणाला, "किती वर्षं टिकेल असं?"

पिंजाऱ्याच्या घरात एक रीत असते. गादी गिऱ्हाइकाच्या हवाली करताना आत रुई कुठली आणि ती किती वर्षं बसणार नाही, हे तोंडानं सांगायचं. न सांगता दिलेली गादी बाप फसवणूक मानायचा. वलीनं हे हजार दारांत हजार वेळा सांगितलेलं. कोणी गादी दाबून वर्षं विचारली की उत्तर आपोआप ओठांवर यायचं.

"वलगावची रुई हाय साहेब," अस्वल म्हणालं. "धा वर्सं तं हालत नाई."

कुलदीप दचकून मागे सरला. गबदू बोलत नाही, हा तर शिकवणीतला पहिला नियम. भुट्ट्याच्या गाडीवरचा पंखा थांबला. जाळीतून वलीला फक्त स्वतःचे केसाळ पाय दिसत होते, आणि आपण काय बोललो ते त्याला उशिरा, पायांपासून वर चढत गेल्यासारखं कळलं.

"काका," कुलदीप हळूच म्हणाला, "हे मला ऐकायला नको होतं."

त्यानं हातातला कागद अल्बममध्ये सरकवला. मग बाजूला जाऊन त्यानं मुंबईला फोन लावला. मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून तो गेटपर्यंत चालत गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. परवानगीशिवाय फेरफार, करार रद्द. अस्वल मूळ स्थितीत ताब्यात घ्यायचं, म्हणजे भरलेलं सगळं इथंच काढायचं.

"काढतो," वली म्हणाला.

शेडसमोरच्या ओट्यावर बसून त्यानं स्वतःच घातलेले टाके स्वतःच्या हातांनी तोडले. रुई ओंजळी-ओंजळीनं बाहेर आली. वारा होता, थोडी उडून लोकांच्या डोक्यांवर बसली. कुलदीपनं रिकामं कातडं घडी करून पोत्यात घातलं आणि किसनरावांकडे न पाहता गाडीत बसला. दिवाळीनंतर जादूवाडीत गबदू येणार, हे त्यानं सांगायची कोणाला गरज नव्हती.

"मी मुद्दाम नाई केलं," वली म्हणाला.

"कोण म्हंते?" किसनराव म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आता अकोल्याले जाशीन?"

वली ओट्यावरची रुई गोळा करायला लागला. माणसं एकेक करून पांगली. तानुबाई आपला डबा घेऊन निघाली होती. त्याच्याजवळ येऊन ती थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं.

"बरं झालं बावा, सुटला तू. कमरेले जप."

ती गेली. बसची वाट पाहताना वलीनं स्वतःला खोदून खोदून विचारलं. आत कुठंतरी मला सुटायचंच होतं का? म्हणून तोंड उघडलं का? नाही, असं त्याचं मन म्हणत होतं, पण ते मन त्याचंच होतं, त्याची साक्ष कोण धरणार?

घरी पोचला तेव्हा दिवस मावळायला आला होता. बातमी त्याच्या आधी पोचली होती. परवीननं पेटी भरली होती, ताटं-वाट्या चादरीत बांधल्या होत्या, चुलीवरचा तवासुद्धा घासून वर ठेवला होता. कित्येक वर्षांत तिचा चेहरा इतका मोकळा त्यानं पाहिला नव्हता.

"शाकीबले फोन केला मी. परवाच या म्हंते. पाह्यलं? अल्लानं ऐकलं का नाई?"

वली खाटेवर बसला. त्यानं चपला काढल्या, एकीवर एक ठेवल्या.

"अकोल्याले नाई जात आपण."

"काहून?" तिला वाटलं तो थट्टा करतोय. "आता कोणी धरून ठेवलं? अस्वल गेलं, करार गेला. आता तं तुमी मोकळे!"

"आता गेलो परवीन, तं मी मुद्दाम बोललो म्हून सारे म्हंतीन, थे खरं ठरते."

"अन् नाई गेलो तं? मंग तुमचं खरं मानतीन काय थे?"

"नाई मानणार," वली म्हणाला. "पण मी एकतीस लोकायच्या पोटावर पाय देऊन गेलो, असं नको. मी हातगाडीवर गाद्या भरीन. इथंच. त्यायच्या डोयापुढे."

परवीन उभीच राहिली. भांडेल, रडेल, असं वलीला वाटलं, आणि तिनं तसं करावं असं त्याला मनापासून वाटत होतं. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण ते भरलेच नव्हते. ती खाली बसली, चादरीची गाठ दातानं सोडवली, आणि एकेक ताट उचलून पुन्हा फळीवर लावायला लागली.