बांधीभोवतीची तार

शनिवारी दुपारी न्यायालय रिकामं झालं की जिल्हा सरकारी वकील हर्षा खोब्रागडे आपल्या हाताखालच्या वकिलांना कचेरीत बसवून घेत आणि त्यांना सरकारविरुद्ध भांडायला लावत. चंद्रपूरच्या वकील मंडळींत या बैठकीची चांगलीच थट्टा होई. सरकारी वकिलांच्या कचेरीत आरोपीची वकिली शिकवली जाते, असं चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी म्हणेच. हर्षाबाईंनी त्याकडे कधी लक्ष दिलं नाही. तालुक्याच्या न्यायालयांत शिक्षा झालेले लोक जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात अपील करत, आणि तिथे शिक्षेच्या बाजूने उभं राहायचं काम या कचेरीचं होतं. नवीन वकील खालचा निकाल पाठ करून येत आणि तोच पुन्हा वाचून दाखवत, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. म्हणून त्यांनी नियम केला होता. मंगळवारी जो शिक्षा राखायला उभा राहणार, त्याने शनिवारी ती मोडून दाखवायची.

त्या शनिवारी पाळी दिव्यानी नाकाडेची होती. दिव्यानी आधी तालुक्याला सरकारी वकील होती; अपिलांचं काम शिकायला तिला नुकतंच इथे आणलं होतं. योगायोग असा, की समोर आलेल्या अपिलातला मूळ खटला तिनेच चालवला होता आणि शिक्षाही तिनेच मिळवली होती. हे अपील तिने स्वतःहून मागून घेतलं होतं.

खटला साधा दिसत होता. लटारू मांदाडे नावाच्या म्हाताऱ्याच्या धानाच्या बांधीभोवती, म्हणजे बांध घातलेल्या खाचराभोवती, रानडुकरांसाठी विजेची उघडी तार लावलेली होती. तिला चिकटून त्याच गावचा खुशाल हा माणूस पहाटे मेला. सातबारा लटारूच्या नावावर होता आणि तार बांधीभोवती होती. लटारूनेही न्यायाधीशांपुढे एवढंच सांगितलं होतं, की वावर माझं आहे, जे काय असेल ते माझ्यावर. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. सध्या तो जामिनावर होता. अपील फेटाळलं गेलं की त्याला सरळ तुरुंगात जावं लागणार होतं.

दिव्यानीने लटारूची बाजू मांडायला सुरुवात केली ती काहीशा कंटाळ्याने. आरोपी म्हातारा आहे, पहिलाच गुन्हा आहे, घरी आजारी बायको आहे, तेव्हा दया दाखवावी. लटारूच्या खऱ्या वकिलाने अपिलात हेच मुद्दे घेतले होते.

"हे अपील नाही झालं, ही विनंती झाली," हर्षाबाई म्हणाल्या. "प्रवीण, तू बघ."

प्रवीण लोनबले हा सिंदेवाहीकडचा, धानाच्या पट्ट्यातला. तो बोलायला उठला की दोन मिनिटं नुसते कागद चाळत राही आणि बाकीचे त्याला त्यावरून चिडवत. आजही त्याने तेच केलं, आणि मग घटनास्थळाचा पंचनामा वर काढला.

"मयताच्या हातात फावडं होतं. बांधीचं पाणी सोडायचं तोंड अर्धवट फोडलेलं होतं," तो म्हणाला. "तो कोणाच्या बांधीचं पाणी काढून राह्यला होता?"

"आपल्या वावरात चालला असेल," दिव्यानी म्हणाली.

"त्याचं वावर नाल्याच्या पलीकडे आहे, नकाशातच दिसते. आणि दुसऱ्याच्या बांधीचं पाणी कोणी फोडत नाही मॅडम. आमच्याकडे एवढ्यावर डोकी फुटतात." प्रवीणने पंचनामा खाली ठेवला. "त्या वर्षी त्या बांधीत रोवणा कोणी केला होता?"

"सातबारा लटारूच्या नावावर आहे."

"सातबारा वावर कोणाचं ते सांगतो. धान कोणी लावलं ते सांगत नाही."

हर्षाबाईंनी साक्षींचे कागद पुढे ओढले आणि एकेक साक्ष सावकाश वाचली. त्या पट्ट्यात म्हातारी माणसं वावर बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला देतात, तेही नुसत्या तोंडी शब्दावर, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या स्वतःच्या वडिलांनी तसंच दिलं होतं. पण त्या वर्षी बांधी कोण कसत होतं आणि तार कोणी लावली, हे खटल्यात एकाही साक्षीदाराला कोणी विचारलेलं नव्हतं. वावर कोणाचं, एवढंच विचारलं गेलं होतं. विचारणारी दिव्यानी होती, आणि उलटतपासणीत बचावाच्या वकिलानेही त्यापुढे पाऊल टाकलं नव्हतं.

दिव्यानीचा चेहरा लाल झाला होता. ती म्हणाली, की हा मुद्दा असलाच तर त्यांच्या वकिलाचा आहे; त्याने अपिलात घेतलेला नाही. "त्यांचं काम आपण काऊन करायचं?"

प्रश्न उर्मटपणाचा नव्हता, खरा होता, आणि हर्षाबाईंकडे त्याचं तयार उत्तर होतं. सरकारी वकील जिंकण्यासाठी नसतो, न्यायालयाला मदत करण्यासाठी असतो, हे वाक्य त्या दर तुकडीला पहिल्याच दिवशी सांगत. आज मात्र ते त्यांच्या तोंडून निघालं नाही. समोर बसलेल्या मुलीने मेहनतीने मिळवलेली शिक्षा होती. नुसतं वाक्य फेकून ती मोडायला सांगणं त्यांना सोपं वाटलं, आणि म्हणूनच बरोबर वाटलं नाही.

"मंगळवारी तूच उभी राहशील," त्या म्हणाल्या. "काय बोलायचं तेही तूच ठरव. पण त्याआधी खुशालच्या बायकोला सोमवारी बोलावून घे. आपण जे काही बोलू, ते तिने न्यायालयात पहिल्यांदा ऐकू नये."

सोमवारी खुशालची बायको गुणाबाई आली. साक्षीच्या वेळी नेसलेलं लुगडंच तिने आजही नेसलं होतं. खुर्चीच्या कडेला बसून तिने पहिला प्रश्न विचारला, तो आपल्या साक्षीत काही चुकलं काय, हा. हर्षाबाईंनी तिला पाणी दिलं, तिच्या मुलाची शाळा विचारली, आणि मग अपिलाची हकीकत समजावून सांगितली. तुझी परवानगी मागायला बोलावलेलं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. गुणाबाई सगळं ऐकत राहिली. प्रवीणने रोवण्याचा प्रश्न विचारला, तेव्हा ती जराही अडखळली नाही.

"बटईनं आमीच करत होतो ते वावर," ती म्हणाली. "तार बी माझ्या नवऱ्यानंच लावली होती. डुकरं एका राती अख्खी बांधी लोळवत. रोज पाटे उठून तार काढे, त्या दिवशी ध्यान नाई राह्यलं त्याचं."

"कोर्टात हे काऊन नाही सांगितलं बाई?" दिव्यानीने विचारलं.

"पुसलं काय कोणी? तुमी पुसलं, वावर कोणाचं. मी म्हनलं, लटारूभाऊचं."

दिव्यानीने मान खाली घातली.

मग गुणाबाईने उरलेलं सांगितलं. पोलीस आले तेव्हा घरात प्रेत होतं आणि कोणी काही बोललं नाही. तेरवीच्या दिवशी पंगत बसायच्या आधी लटारू पंचांपुढे उभा राहिला. मेलेल्या माणसावर दोष ठेवू नका, पोरगं लहान आहे, वावर माझं आहे, दंड होईल तो मी भरेन, असं त्याने सगळ्यांदेखत सांगितलं. पंचांनी मान्य केलं आणि ती गोष्ट गावात तिथेच मिटली. गावातली भांडणं अशीच मिटत. एकाने दोष अंगावर घ्यायचा, दंड द्यायचा, पंगत बसायची. न्यायालयही तसंच काही करेल, असं लटारूला वाटलं आणि गुणाबाईलाही. तुरुंगाचा विचार कोणी केला नव्हता. शिक्षा झाल्यावर मात्र शब्द मागे कसा घ्यायचा, हे कोणालाच कळेना.

"लटारूभाऊ जेलमधी गेला तं मले गावात तोंड दाखवता येनार नाई," गुणाबाई म्हणाली. "अन् हे सांगतलं तं लोक म्हनतीन, खुशाल आपल्याच तारेच्या करंटानं मेला. पोरगं मोठं हून राह्यलं माझं. त्याले काय सांगू मी?"

हर्षाबाई एवढंच म्हणाल्या, की मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, आणि उद्या जे बोललं जाईल त्याचं एक अक्षरही तुझ्यापासून चोरून बोललं जाणार नाही. गुणाबाईने पदर सावरला. उद्या आपणही येऊ, मागे बसू, असं सांगून ती निघाली.

ती गेल्यावर प्रवीण म्हणाला, की आता सगळं सरळ झालं, खरं काय ते न्यायालयाला सांगून टाकू. दिव्यानीने साक्षींचे कागद पुन्हा चाळले. मग म्हणाली, की बाईने या खोलीत सांगितलं तो पुरावा नव्हे. न्यायालयापुढे जे आहे त्यात फावडं आहे, फोडलेलं तोंड आहे, नाल्यापलीकडचं वावर आहे. तार लटारूने लावली, हे त्यात कुठेच नाही. शिक्षा मोडायला एवढं पुरेसं आहे.

"आणि जज्जसाहेबांनी पुढे विचारलं तर?" हर्षाबाईंनी विचारलं.

"तर खोटं बोलणार नाही," दिव्यानी म्हणाली.

हर्षाबाईंनी त्यावर काही सुचवलं नाही. शिकवणाऱ्याने कुठे थांबायचं, हे त्यांना आजवर कधी नेमकं कळलं नव्हतं. आज त्या थांबल्या.

मंगळवारी लटारूच्या वकिलाने दयेची विनंती केली. लटारू मागे धोतराचा सोगा हातात धरून उभा होता. शेवटच्या बाकावर गुणाबाई बसली होती. न्यायाधीशांनी सरकार पक्षाकडे पाहिलं ते पेन हातात घेऊनच. नेहमीची दोन वाक्यं त्यांना अपेक्षित असावीत.

दिव्यानी उठली. अपिलार्थीने घेतलेला नसला तरी एक मुद्दा न्यायालयाच्या नजरेस आणणं सरकार पक्षाला आवश्यक वाटतं, असं म्हणून तिने पंचनामा, नकाशा आणि साक्षी एकापुढे एक ठेवल्या. घटनेच्या वेळी बांधी अपिलार्थी कसत होता, हे सिद्ध झालेलं नाही. तार त्याने लावली किंवा लावून घेतली, हेही नाही. वावर माझं आहे, या त्याच्या म्हणण्यातून गुन्ह्याची कबुली काढता येत नाही. या शिक्षेचं समर्थन सरकार पक्ष करू शकत नाही.

लटारूचा वकील वळून तिच्याकडे पाहत राहिला. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं.

"मग तार कोणी लावली, असं सरकार पक्षाचं म्हणणं आहे?"

"सरकार पक्षाने ते सिद्ध केलेलं नाही, सर," दिव्यानी म्हणाली. "साक्षीदारांना तो प्रश्न विचारायला हवा होता. विचारला गेला नाही. खालच्या न्यायालयात हा खटला मीच चालवला होता."

न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या बाकावर बसलेल्या बाईकडे. सरकार पक्षाला नवा पुरावा द्यायचा आहे काय, असं त्यांनी विचारलं. काल साक्षीदार बाईशी बोलणं झालं आहे, असं दिव्यानीने सांगितलं. नव्या पुराव्याने अपिलार्थीविरुद्ध काही निघणार नाही, आणि दुसऱ्या कोणा हयात माणसाविरुद्धही नाही, म्हणून सरकारला तो द्यायचा नाही. न्यायाधीशांनी मान हलवली. त्यांना जे समजायचं ते समजलं होतं, असं हर्षाबाईंना वाटलं.

निकाल पुढच्या आठवड्यात लागला. अपील मंजूर झालं, शिक्षा रद्द झाली. वकिलाने लटारूला हात धरून बाहेर आणलं आणि सुटलास म्हणून पाठीवर थाप मारली. लटारूच्या चेहऱ्यावर मात्र आनंदापेक्षा काळजी अधिक होती. व्हरांड्यात दिव्यानी दिसताच तो वकिलाला सोडून तिच्याकडे आला.

"बाई, त्या कागदात खुशालचं नाव हाय काय?"

"मेला म्हणून आहे, भाऊ."

"तार त्यानं लावली असं लिवलं काय?"

"नाही."

"मंग कोनं लावली म्हनून लिवलं?"

"कोणी लावली ते सिद्ध झालं नाही, एवढंच लिहिलं."

लटारूने यावर पुष्कळ विचार केला. पंचांपुढे असं कधी झालेलं त्याने पाहिलं नव्हतं. तिथे बैठक उठताना दोषी म्हणून कोणाचं तरी नाव घ्यावंच लागे.

"असं बी लिवता येते," तो अखेर म्हणाला, आणि व्हरांड्याच्या टोकाला उभ्या असलेल्या गुणाबाईला ते सांगायला निघाला.