थिसलवेटबाईंचा मोर
इंग्लंडातल्या बर्स्लेम गावच्या चिनीमातीच्या कारखान्यात पुरुष रंगाऱ्यांनी एक नियम करून ठेवला होता. भांड्यावर रंगवताना मनगटाखाली टेकूची काठी घ्यायची ती पुरुषांनीच. बाईने काठीला हात लावला की सगळे पुरुष काम टाकून बाहेर जाऊन उभे राहणार. बाईने फुलं भरावीत, पानं भरावीत आणि बारीक रेघेची वेळ आली की भांडं मुकाट्याने पुरुषापुढे सरकवावं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे दुसरीला नाचता येऊ नये म्हणून अंगणच वाकडं करून ठेवलं होतं.

केझाया टनिक्लिफ वीस वर्षं त्याच अंगणात होती. नुसती करंगळी भांड्याला टेकवून ती केसाएवढी रेघ अशी ओढायची की मुख्य रंगारी एनॉक ब्रंड्रेट ती पाहून उगाचच खोकायचा. त्याचा हात हल्ली बिअरपायी थरथरत असे. काठी मनगटाला टेकू देते, थरथरीला देत नाही. म्हणून थिसलवेटबाई ह्या बड्या गिऱ्हाइकाने मागवलेली मोराची मोठी फुलदाणी मालकांनी गुपचूप केझायाकडे सोपवली.

"थिसलवेटबाईंना पसंत पडली, तर बुडाशी तुझं नाव घालू," मालक ऑलरेनशॉ म्हणाले. "पूर्ण नाव. शब्द देतो."

वीस वर्षांत तिच्या नावाचं एक अक्षर कुठल्या भांड्यावर चढलं नव्हतं. एरवी कुणाला भीक न घालणारी ही बाई त्या एका शब्दावर मनात मांडे खाऊ लागली. तीन आठवडे तिने पिसाऱ्यात डोळे घातले. पुढे तिला सगळ्यात जास्त राग आला तो स्वतःच्या ह्या भोळेपणाचा.

फुलदाणी भट्टीत जायच्या आदल्या दिवशी थिसलवेटबाई स्वतः पाहायला आल्या. त्यांच्या दिवाणखान्यात म्हणे पेंढा भरलेली घुबडं, मेणाची द्राक्षं आणि अकरा फुलदाण्या दाटीवाटीने बसल्या होत्या. बारावीवाचून त्या घरातली कला अडली होती.

"हा चिखल कसला फासलाय?" बाईंनी पिसाऱ्याच्या कडेवर बोट रोखलं.

"सोनं आहे ते, बाईसाहेब," मालक म्हणाले. "भाजून निघालं आणि घासलं की झळकतं."

"वाटलंच मला."

त्यांना काहीही वाटलं नव्हतं. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि मोराच्या मानेपाशी त्या अगदी विरघळल्या. "काय रेघ आहे! अशी रेघ पुरुषाच्याच मनगटातून उतरते हो. बायकांचा हात कसा, गुळमुळीत. बाईने रंगवलेलं असतं तर मी दारात घेतलं नसतं. कुणाचं काम हे?"

केझाया तीन पावलांवर उभी होती. मालकांनी छताकडे पाहिलं, फुलदाणीकडे पाहिलं, बाईंच्या टोपीवरच्या मेलेल्या पाखराकडेसुद्धा पाहिलं. तिच्याकडे तेवढं पाहिलं नाही.

"आमच्या एनॉकचं. एनॉक, ये रे, बाईसाहेबांसमोर सही कर."

आयत्या बिळावर नागोबा यावा तसा एनॉक आला. हा तरी नाही म्हणेल, असं तिला क्षणभर वाटलं. त्याने कानापर्यंत लाल होऊन हात पुढे केला. "केझाया, तुझाच कुंचला दे गं जरा. भिजलेला आहे."

तिने दिला. फुलदाणी मेजावरच्या छोट्या गादीवर आडवी झाली. काठीवर मनगट दाबून, जीभ दातांत धरून एनॉकने बुडाशी आपलं नाव लाल रंगात कसंबसं गिरवलं. थिसलवेटबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"रंग अजून कच्चा आहे, बाईसाहेब," केझाया पुढे झाली. "जरा साफ करून देते."

तिने टर्पेंटाइनची चिंधी उचलली. एका फटक्यात मान गेली. दुसऱ्या फटक्यात अर्धा पिसारा.

"अगं ए! वेड लागलं का तुला?" मालक किंचाळले.

"बाईचा हात लागला होता, मालक. गुळमुळीत झालं असेल. बाईसाहेबांच्या घरी असलं कसं पाठवायचं?"

कुणी तिचा हात धरला नाही. ओल्या चिंधीचे डाग कोटावर पडतील ह्या भीतीने मालकच आधी मागे सरकले. चिंधी हिरवीनिळी झाली, तीन आठवडे त्या फडक्यात गेले आणि केझायाला ते पाहताना रडूही आलं आणि हसूही. फुलदाणी दुधासारखी पांढरी झाली. तेव्हा तिने ती उलटी करून थिसलवेटबाईंच्या हातात दिली.

"सही तेवढी ठेवली आहे," ती म्हणाली. "ती एनॉकने स्वतः काढलीय."