मास्तरांची काच

भिंगरी हे नाव तिला मास्तरांनीच दिलं. मास्तर म्हणजे दवाखान्याच्या लॅबमधले मोठे तंत्रज्ञ. हाताखालच्या माणसाचं बारसं केल्याशिवाय त्या गृहस्थाला काम म्हणून सांगता यायचं नाही. ती नवी लागली तेव्हा एका जागी दोन मिनिटं उभी राहायची नाही, म्हणून भिंगरी. आता ती पंचेचाळिशीला आली, गुडघे कुरकुरायला लागले, मास्तर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी नाव काही सुटलं नाही. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, हिलाच लेक मानलं होतं.

त्या मंगळवारी सकाळी वॉर्डातून पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्याची बाटली आली, तपासायला. चिठ्ठीवर नाव मास्तरांचं होतं. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन.

"ताप आहे, मान ताठ, बरळतायत. मेंदूच्या आवरणाला जंतू लागलेत. दोन इंजेक्शनं सुरू केली, पण दुसऱ्याने तासाभरात अंगभर पुरळ उठलंय. जंतू गुलाबी निघाले तर दुसरं बंद करतो. जांभळे, काडीसारखे निघाले तर मात्र पुरळ गेलं खड्ड्यात, तेच चालू ठेवावं लागेल. त्याच्याशिवाय मरत नाहीत ते. लवकर सांगा."

हे रंगाचं प्रकरण तसं सोपं आहे, उगाच घाबरू नका. जंतू काचेवर वाळवायचे, त्यावर जांभळा रंग ओतायचा, मग आयोडीन, मग स्पिरिट. स्पिरिटने काही जंतूंचा जांभळा धुऊन निघतो. काही मात्र असे चिवट की सोडतच नाहीत. शेवटी गुलाबी रंग दिला की धुतलेले गुलाबी दिसतात आणि चिवट जांभळेच राहतात. सगळी मेख त्या स्पिरिटात. जास्त वेळ ठेवलं तर चिवटातला चिवटसुद्धा रंग सोडतो. मास्तरांचा आकडा ठरलेला होता, वीस. सावकाश वीस मोजायचे आणि काच नळाखाली धरायची. शिवाय दर वेळी शेजारी एक दुसरी काच रंगवायची, आपल्या ओळखीच्या जांभळ्या जंतूंची. ती नेहमीसारखी दिसली तर पहिलीवर विश्वास ठेवायचा. नाही दिसली तर आपणच माती खाल्ली असं समजायचं.

भिंगरीने त्या दिवशी दुसरी काच केली नाही. वीस वर्षांत कधी चुकवली नव्हती, त्या दिवशी चुकवली. का? तर मास्तरांचं काम, पाच मिनिटं तरी कशाला घालवा! माया माणसाला कुठे नेऊन आपटेल सांगता येत नाही बघा.

आणि स्पिरिट संपलं होतं. स्टोअरवाल्याने सकाळी नवी बाटली आणून दिली होती, अ‍ॅसिटोन मिसळलेली. तसं बाटलीवर लिहिलेलं होतं, ती घेतल्याची सहीसुद्धा हिचीच. असलं मिश्रण पाच मोजायच्या आत काम उरकतं, हेही तिला ठाऊक होतं. पण हाताला सवय मास्तरांची. तिने ओठातल्या ओठात वीस मोजले, अगदी सावकाश.

सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून पाहिलं तर गुलाबी काड्या, स्वच्छ गुलाबी. तिला आनंदच झाला हो! पुरळ उठवणारं इंजेक्शन सुटलं. तिने लगेच फोन केला, मग धावतच वॉर्डाबाहेर गेली. काकू बाकावर बसल्या होत्या.

"काकू, कळलं काय आहे ते. एक इंजेक्शन कमी होणार."

"तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे गं," काकू म्हणाल्या. "शुद्धीत होते तेव्हा ह्यांचंही तेच चाललं होतं. भिंगरी बघतेय ना, मग झालं, म्हणत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काल त्याच पाण्यातले जंतू वाढायला ठेवलेली बशी उघडली. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उगवले होते. एक ठिपका पेरॉक्साइडच्या थेंबात कालवला, ही जंतू ओळखायची एक रीत; बुडबुडे आले. दुसरा पाण्याच्या थेंबात टांगून भिंगाखाली धरला. जंतू कोलांट्या मारत होते. असल्या कोलांट्या मारणारी काडी तिला माहीत होती, आणि ती जांभळी असायला हवी होती. तिने दोन काचा घेतल्या, एक ह्या ठिपक्याची, एक ओळखीची. बाटलीवरचं नाव वाचलं. पाच मोजून नळ सोडला.

दोन्ही काचा जांभळ्या निघाल्या.

तिने डॉक्टरांना फोन लावला. "कालचा रिपोर्ट चुकीचा आहे. माझी चूक आहे. बंद केलेलं इंजेक्शन सुरू करा."

डॉक्टर म्हणाले, "एक अख्खा दिवस गेला, बाई."

इंजेक्शन सुरू झालं. पण मास्तर शुद्धीवर आले नाहीत. शुक्रवारी दुपारी ते गेले.

लॅबच्या साहेबांनी तिला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. "सुधारित रिपोर्ट दिलाय ना तुम्ही? विषय संपला. म्हातारा माणूस, कदाचित तसाही वाचला नसता. उगाच नको तिथे तोंड उघडू नका."

ती बरं म्हणाली आणि वॉर्डापाशी आली. कागदपत्रं व्हायची होती म्हणून काकू त्याच बाकावर बसल्या होत्या. हिला पाहताच त्यांचा बांध फुटला. त्यांनी हिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हुंदके देत म्हणाल्या, "तू होतीस म्हणून धीर होता गं. तू एवढं केलंस ह्यांच्यासाठी."

गप्प बसली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण ते "एवढं केलंस" तिला गिळवेना.

"काकू, मी चुकले," ती म्हणाली. "जंतू जांभळे होते, मी गुलाबी सांगितले. स्पिरिट नवं होतं, मी जुनेच वीस मोजले. दुसरी काच केली नाही. माझ्यामुळे त्यांचं इंजेक्शन एक दिवस बंद राहिलं."

काकूंनी डोकं उचललं.

"ह्यांनी शिकवण्यात काही चुकलं होतं का?"

"नाही काकू. त्यांनी बरोबर शिकवलं होतं."

काकूंनी मान हलवली, पदराने तोंड पुसलं. रागावल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला रडायला जगात एवढा एक खांदा उरला होता, पोरी," त्या म्हणाल्या. "तेवढा तरी ठेवायचा होतास."

मग त्या उठल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या.