सुबोध परबची काळी बॅग

दुसऱ्याचं गुपित जीव धोक्यात घालून मिळवावं ही माणसाची आदिम भूक आहे, आणि हेरकथा पिढ्यान्पिढ्या खपतात त्या या भुकेवरच. मुलुंडमध्ये मात्र ती भागत नाही. इथे जिन्यात भेटलेला माणूस तुम्ही न विचारताच सुनेचं वजन, तिचा थायरॉईड आणि वायफायचा पासवर्ड सांगून जातो.

आमच्या भाऊजींची त्यामुळे आयुष्यभर कुचंबणा झाली. भाऊजी म्हणजे माझ्या मृणालिनीताईचे यजमान, देवदत्त. छत्तीस वर्षं विमा कंपनीत लोकांचे क्लेम तपासले. घरात हेरकथांची दोन कपाटं. निवृत्त झाल्यावर मालिका सुरू झाल्या, तीन भाषांतल्या, चौथीच्या सबटायटल्ससकट. उडप्याकडे गेलो तरी भाऊजी भिंतीला पाठ लावून, दारावर नजर ठेवून इडली खातात. आजवर त्या दारातून वेटरशिवाय कुणी आलेलं नाही.

हे गमतीतच राहिलं असतं, पण मध्ये अक्षताचं लग्न झालं. अक्षता भाऊजींची भाची. मुलाची चौकशी त्यांच्याकडे सोपवली होती. त्यांनी मुलाच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला एक फोन केला. "मुलगा चांगला आहे," असं उत्तर आलं आणि तेच त्यांनी पुढे कळवलं. सेक्रेटरी मुलाच्या मावशीचा नवरा होता. अक्षता आठ महिन्यांत माहेरी परत आली. मामाला तिने एका शब्दाने बोल लावला नाही आणि भाऊजींना नेमकं तेच पचलं नाही.

म्हणून स्वतःच्या मुलीसाठी, सईसाठी, सुबोध परबचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "या वेळी फोन नाही. फील्डवर्क."

सई पवईला एका कंपनीत आहे. ती सुबोधला तिथल्याच एका कॅफेत दोनदा भेटून आली होती.

"बरा आहे मुलगा," ती म्हणाली. "वेळेवर हसतो. फक्त ते लोक बोरिवलीला राहतात. तिथून रोज पवईला कसं काय जमायचं ते बघायला हवं."

"ते बघू गं. आधी तो कोण आहे ते बघू," भाऊजी म्हणाले.

"अहो, सुबोध आहे तो," ताई म्हणाली. "बायोडेटावर लिहिलंय."

"बायोडेटा काय, कुणीही छापतं."

पंधरा दिवसांनी, रविवारी, आम्ही सगळ्यांनी परबांचं घर बघायला जायचं ठरलं होतं. त्याआधी दोन शनिवार हातात होते. गाडी माझी, म्हणून मीही मोहिमेत. माझं नाव बाळ आहे, पण भाऊजींच्या वहीत प्रत्येकाला सांकेतिक नाव होतं. सुबोध म्हणजे 'पाहुणा'. मी म्हणजे 'ड्रायव्हर'.

पहिल्या शनिवारी निघालो. भाऊजींनी टोपी घातली, गॉगल लावला आणि वही उघडून लिहिलं: 'मुलुंड सोडले १६:१०.' पवई तलाव दिसल्यावर लिहिलं: 'पवई तलाव १६:४०.' मग मेट्रोच्या कामात अडकून बराच वेळ काहीच लिहिलं नाही. 'बोरिवली, लक्ष्यासमोर १८:०५.'

लक्ष्य म्हणजे बोरिवली पूर्वेची चार मजली इमारत. पाय मोकळे करायला मी खाली उतरलो. भाऊजी वॉचमनकडे गेले. त्याच्या छातीवर धोंडिराम असं लिहिलं होतं.

"गॅसचं मीटर बघायचंय," भाऊजी खर्जात म्हणाले.

"मुलीकडचे का तुम्ही?" धोंडिराम म्हणाला.

"मी गॅसचा माणूस आहे."

"असू द्या ना. परबांचा पोरगा चांगलाय हो. दारू नाही, लफडं नाही. आई प्रेमाताई फार जीव लावतात. वडील धाकूकाका, आधी गिरणीत होते. दुसरा मजला, डावीकडे. अजून काय सांगू?"

भाऊजी गाडीत येऊन बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "इतकं सहज सांगतोय, म्हणजे पढवलेला आहे," ते म्हणाले आणि तसं लिहिलंही.

सहा वाजून दहा मिनिटांनी सुबोध बाहेर आला. खांद्यावर काळी बॅग. फुगलेली, पण झोळीसारखी हलकी. त्याने डावीउजवीकडे पाहिलं, रस्ता ओलांडला आणि समोरच्या इमारतीत शिरला.

"बघितलंस? बघितलंस?" भाऊजींनी माझं मनगट धरलं.

"गाड्या येतात का बघत होता, भाऊजी."

एवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून, डावीकडच्याच खिडकीतून, गोळ्या सुटल्याचा आवाज आला. मग कुणीतरी हिंदीत धमकावलं. मग पुन्हा गोळ्या.

"टीव्ही आहे," मी म्हणालो.

"आपल्याला तसं वाटावं म्हणूनच टीव्ही लावतात."

आठ वाजून पंधरा मिनिटांनी सुबोध त्याच बॅगेसह परत आला. केस विस्कटलेले. गालावर एक लांब वळ. भाऊजींनी 'गालावर वळ' याखाली दोन रेघा मारल्या. घरी जाऊन त्यांनी सईला त्याला सहज फोन करायला लावलं. संध्याकाळी काय केलंस, असं तिने विचारलं.

"घरीच होतो," सुबोध म्हणाला. "झोपलो होतो."

 फोन ठेवून सई आत गेली. आता मलासुद्धा ते बरं वाटेना. खोटं बोलायला कारण काय?

दुसऱ्या शनिवारी टोपी दुसरी, बाकी सगळं तेच. तोच रस्ता, तीच बॅग, त्याच गोळ्या, तोच वळ, फक्त दुसऱ्या गालावर. भाऊजींनी साडेतीन पानं भरली. सुबोधचं दुसरं घर असावं, दुसरा धंदा असावा किंवा दुसरी बाई असावी, असे तीन निष्कर्ष होते. बाईच्या पुढे प्रश्नचिन्ह होतं, वळामुळे.

"रविवारचं रद्द करू," ते म्हणाले.

"अहो, त्या पोराला सरळ विचारा ना काय ते," ताई म्हणाली.

"अक्षताच्या वेळी सरळच विचारलं होतं, मृणाल."

 शेवटी सईच म्हणाली, "जाऊ या. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

रविवारी परबांचं दार धाकूकाकांनी उघडलं. सत्तरीचा, काटक माणूस. त्यांनी भाऊजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "येवा" म्हणून बाजूला झाले. भाऊजींनी नजर पोह्यांवर ठेवली. दोघेही पंधरा मिनिटं हवापाण्यावर बोलले. मग धाकूकाका उठले आणि टीव्हीखालून एक लांबट रजिस्टर घेऊन आले. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी तीस वर्षं एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीचं काम केलं होतं. हाताची सवय गेली नव्हती.

"पांढरी गाडी, सत्तावीस अठ्ठेचाळीस," ते चष्मा लावून वाचू लागले. "पयलो शनवार. इन सा वाजून पाच, आउट आठ वीस. इसम दोन. दुसरो शनवार. इसम तेच." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "टोपी बदललात, पण गाडी बदलूक नाय."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. ताईने भाऊजींकडे जसं पाहिलं ते रजिस्टरमध्ये नोंदवण्यासारखं होतं.

"माका वाटला, कोणतरी पाळतीर हत," धाकूकाका म्हणाले. "म्हटला, बगूया काय करतत ते."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. भाऊजी सरळ बसले. "परबसाहेब, मी मुलीचा बाप आहे. तुमचा मुलगा शनिवारी बॅग घेऊन समोर जातो आणि घरी होतो म्हणून सांगतो. त्या बॅगेत काय असतं?"

सुबोध लाल झाला. त्याने आईकडे पाहिलं.

"सांग रे मेल्या," प्रेमाताई म्हणाल्या, आणि त्याची वाट न बघता सांगून मोकळ्या झाल्या. "उशी असता! शनवारी तेची रात्रपाळी. आणि ह्येंका सा ते आठ त्या हेरांचा बगूचा असता, ठो ठो ठो! पोराक झोप नको? म्हणान जाता समोर दोस्ताच्या, नितेशच्या घराक."

"स्वतःची उशी घेऊन?" ताईने विचारलं.

"दुसऱ्याच्या उशीवर झोप येत नाही," सुबोध सईकडे बघत म्हणाला. "फोनवर हे सगळं सांगायला विचित्र वाटलं. झोपलो होतो, एवढं तरी खरं होतं."

सई हसायला लागली. वळाचंही उत्तर मिळालं. उशीच्या अभ्र्याला चेन होती.

"कुठली मालिका बघता?" भाऊजींनी धाकूकाकांना हळूच विचारलं, आणि पुढचा पाऊण तास दोन्ही बाप टीव्हीसमोर बसले. आवाज तेवढाच. नायक हॉटेलात दाराकडे पाठ करून बसला तेव्हा दोघेही एकदम म्हणाले, "मेला!"

परतताना भाऊजींचा चेहरा अक्षता परत आल्यापासून पहिल्यांदा सैल झालेला दिसला. "स्वच्छ आहे पोरगा," ते म्हणत होते. "पूर्ण तपासलाय मी. या वेळी पूर्ण तपासलाय."

"बाबा, ती वही दे जरा," सई मागून म्हणाली.

तिने काळ्या बॅगेची पानं न वाचताच उलटली. दोन्ही शनिवारच्या सुरुवातीच्या ओळी मात्र ती पुन्हा पुन्हा वाचत होती.

"हे टायमिंग बरोबर आहे?"

"मिनिटापर्यंत!"

"मध्ये कुठे चहाबिहाला थांबला होतात?"

"ऑपरेशनवर असताना?" भाऊजी दुखावले.

सोमवारी सईने सुबोधला फोन करून विचारलं की पवईच्या बाजूला राहायला येशील का. आईबाबांना सोडून येणार नाही, असं तो म्हणाला. त्याचं बरोबरच आहे, असं म्हणत तिने नकार कळवला.

"माझ्या चौकशीत काही राहिलं का गं?" भाऊजींनी विचारलं.

"नाही रे बाबा. सगळं तुझ्याच वहीत होतं."

पवई तलाव ते बोरिवली पूर्व, शनिवारी, एक तास पंचवीस मिनिटं.