आठवी पिशवी

काकूंनी कापडी पिशवीतून टॉवेलची गुंडाळी काढली, सावकाश उलगडली आणि आतली चंदेरी पिशवी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली.

"आठवी राहिली होती," त्या म्हणाल्या.

टेबलापलीकडच्या बाईंना दवाखान्यात सगळे श्वासवाल्या मॅडम म्हणत. दिवसभर लोकांचे श्वास मोजायचे, म्हणून हे नाव चिकटलेलं. दीड महिन्यापूर्वी काकूंच्या यजमानांचं पोट फुगून त्यांना जिना चढवेना, तेव्हा मॅडमनीच आठ पिशव्या घरी दिल्या होत्या. उपाशीपोटी साखरेचं पाणी प्यायचं आणि दर अर्ध्या तासाने एकेका पिशवीत श्वास सोडायचा. यजमान घड्याळजी, सात पिशव्यांवर त्यांनी मिनिटासकट वेळा लिहिल्या होत्या. त्या सात जावयाने नंतर आणून दिल्या. घड्याळजी चाचणीच्या सकाळीच गेले, हेही त्यानेच सांगितलं.

"सकाळपासून चारदा खायला मागितलं त्यांनी," काकू म्हणाल्या. "मी दिलं नाही. नियम म्हणजे नियम, म्हटलं. खाल्लेलं श्वासात कळतं, असं तुम्हीच म्हणाला होतात. उपाशी गेले का, एवढंच बघून सांगा मला."

मॅडम तसं म्हणाल्या होत्या खऱ्या. पाव, बटाटा, साखर वरच्या आतड्यातच विरघळून रक्तात जातं. साल आणि चोथा मात्र आपल्याला पचत नाही. तो खाली मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथे राहणारे अगणित सूक्ष्म जीव त्यावर ताव मारतात. त्यांच्या जेवणातून सुटलेला वायू आपल्या श्वासात येतो. उपाशी माणसाच्या श्वासात तो नसल्यातच जमा.

एवढ्या दिवसांत अशी पिशवी मलूल पडायला हवी. ही टच्च फुगलेली होती आणि हाताला कोमट लागत होती. उन्हातून आणली असेल, असं म्हणत मॅडमनी नळी जोडली.

सातही पिशव्यांत आकडा दोन-तीनच्या वर गेला नव्हता. हा चढत चढत ऐंशीवर थांबला. मॅडमनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, पुन्हा मोजलं. ऐंशीच.

काकूंनी स्वतःच फुंकली असणार. दुःखात माणूस काय करेल याचा नेम नाही. मॅडमना राग आला नाही.

"काकू, आज काय खाल्लंत?"

"काल दुपारपासून काही नाही. हे कळल्याशिवाय घास उतरेना."

"मग जरा यात फुंका बघू."

काकूंनी नव्या पिशवीत श्वास सोडला. मॅडमनी तो मोजला. दोन.

यंत्रातून सुटलेल्या हवेला शिजवलेल्या वाटाण्यांचा वास येत होता. मॅडमनी उठून खिडकी उघडली.

"जेवलेत ते," शेवटी त्या म्हणाल्या. "पोटभर जेवलेत. सालासकट काहीतरी."

काकूंना रडू फुटलं. दीड महिना त्या या एका वाक्यासाठी झुरत होत्या. रुमालाने डोळे पुसून त्या हसल्याही.

"वाटाणे. फार आवडतात त्यांना."

मॅडमनी नोंदीसाठी पेन उघडलं. लेबलावर वेळेची जागा कोरी होती. घड्याळजींनी ती कोरी सोडावी, याचं त्यांना नवल वाटलं.

"ही किती वाजता फुंकली त्यांनी?"

"ही कुठली फुंकतायत? सातवी झाली आणि अर्ध्या तासाच्या आत गेलेच ना ते. ही कोरी राहिली, सपाट. मी कपाटात ठेवून दिली. मग मला राहवेना, म्हणून रोज दुपारी कपाटासमोर ताट ठेवायला लागले. तशी भरत गेली हळूहळू."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

काकूंनी रिकामी पिशवी उचलली, हाताने सरळ केली आणि टॉवेलात नीट गुंडाळली.

"ही परत नेते," त्या उठत म्हणाल्या. "एक वाजत आला. त्यांची जेवायची वेळ झाली."