कोमट पाणी

पुलाजवळच्या त्या दुकानात गळ, दोऱ्या, रबरी बूट आणि पिसांच्या माश्या मिळत. माश्या दुकानदार स्वतः बांधायचा. बारीक गळावर पीस आणि रेशमाचा धागा गुंडाळला की हुबेहूब माशी तयार. ती पाण्यावर अलगद उतरवली की ट्राउट मासा फसून वर येतो. त्याची थोरली बहीण आल्यागेल्याला सांगायची, "लोक माश्या मारतात, आमचा हा माश्या बांधतो. कमाई दोघांची सारखीच."

ताई हिवाळ्यात गेली. तिच्या नवऱ्याने, भाऊजींनी, सगळं शांतपणे पार पाडलं. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. लोकांना कौतुक वाटलं, दुकानदाराला मात्र धास्ती.

दुकानाबाहेर एक फळा होता. रोज सकाळी ओढ्यात थर्मामीटर बुडवून दुकानदार त्यावर लिहायचा: पाणी चढलंय की उतरलंय, गढूळ की नितळ, मासा आज खळाळात असेल की डोहात. त्या वर्षी डोंगरावर बर्फच कमी पडला होता. उन्हाळ्यात ओढ्याचे दगड उघडे पडले आणि फळ्यावर आठवडाभर एकच ओळ राहिली: पाणी कोमट आहे, गळ टाकू नये. कोमट पाण्यात माशाला श्वास पुरत नाही. पकडून लगेच सोडला तरी जगेल याचा भरवसा नसतो.

त्याच आठवड्यात भाऊजी न कळवता आले. घर विकून ते मुलीकडे कायमचे राहायला निघाले होते. फळा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि म्हणाले, एकदाच टाकतो, लागायचा नाहीच. ज्यांनी गळाची काठी धरायला शिकवली त्यांना नाही म्हणायला दुकानदाराची जीभ रेटेना. त्याने काठी काढून दिली आणि मुद्दामच त्यांना वरच्या उथळ वळणावर नेलं. तिथे मासा नसणार, अशी त्याची अटकळ होती.

भाऊजींचा हात अजून हलका होता. दोन-तीनदा माशी नुसतीच वाहत गेली. दुकानदार सुटकेचा निःश्वास टाकणार, तोच कडेच्या दगडाखालून पाणी उसळलं आणि दोरी ताणली गेली.

त्यांनी घाईने मासा जवळ घेतला, गळ सोडवला. भाऊजी गुडघ्यांवर बसले आणि धारेच्या दिशेने तोंड करून त्याला पाण्यात धरून राहिले. एरवी मासा घटकाभरात बळ धरून हातातून निसटतो. हा कुशीवर कलला.

दुकानदाराने त्यांना सावलीतल्या धारेत सरकायला सांगितलं. ते सरकले. कल्ले मंद होत गेले.

"भाऊजी, सोडा आता."

"थांब. अजून हलतोय." मग पाण्याकडे बघतच ते म्हणाले, "तुझ्या ताईला असंच धरायचो. आडवी झाली की तिचा जीव घाबरायचा. एक हात पाठीशी, एक छातीशी. वाटायचं, मी नीट धरलं तर..."

त्यांचे खांदे हलायला लागले. मग तो इतके महिने कोंडलेला हुंदका फुटला, आणि ते पाण्यातच वाकून रडत राहिले, मासा न सोडता. दुकानदार बुटांसकट आत उतरला आणि त्यांच्या हातांखाली आपले हात धरून उभा राहिला. ताईच्या आजारपणात तो दोनदाच भेटायला गेला होता. दुकान बंद ठेवता येत नाही, म्हणाला होता. आता त्यालाही आवरेना.

मासा गेला. त्यांनी तो काठावर दगडांखाली पुरला. उतरताना दुकानदार म्हणाला, चूक माझी, मी अडवायला हवं होतं.

"अडवलं असतंस तर मी ऐकलं नसतं," भाऊजी म्हणाले. "तिचंही कुठे ऐकलं? ती म्हणायची, झोपत जा जरा. झोपेची सवयच मोडली."

भाऊजींचे पाय भिजले होते. दुकानदाराने दुकानातले नवे मोजे त्यांच्या पायांत चढवले, पिशवी उचलली आणि त्यांना संध्याकाळच्या बसमध्ये खिडकीशी बसवलं. पोचलात की फोन करा, असं सांगून तो खाली उतरला. बस सुटेपर्यंत थांबावं म्हणून खिडकीखाली आला, तर भाऊजींचं डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. ते गाढ झोपले होते. त्याने काचेवर टकटक करायला उचललेला हात खाली घेतला.

बस निघून गेली. निरोप घ्यायचा राहूनच गेला.