नकाशातला फुगवटा

मला नसत्या चौकशा फार. घरचे म्हणतात, हिच्या नाकाला वेगळा पगार द्यायला हवा. पण निवडणूक कार्यालयात नकाशे आखायचं माझं काम, आणि नवा मतदारसंघ झाला तेव्हा हे नाक उपयोगी पडलं.

चौतीस गावं जोडून तो नुकताच केला होता. हरकतींची मुदत शुक्रवारी संपत होती आणि हरकत आली होती एकच, एका शिंपीणबाईंची. त्यांच्या घरासमोरची शाळा, जिथे मतदान व्हायचं ती, नव्या मतदारसंघात, घर मात्र शेजारच्या. म्हणजे मतदानाला जायचं अकरा किलोमीटर, आणि बाईंचा एक पाय अधू.

नकाशा पाहिला. नाकासमोर चाललेली हद्द नेमकी बाईंच्या घरापाशी वळसा घेऊन पुन्हा सरळ होत होती. ओढा असेल, टेकडी असेल, जुनं भांडण असेल. मला राहवेना, निघालेच.

बाई मशीनवर बसल्या होत्या. मी टेप घेऊन घराभोवती दोन चकरा मारल्या. ओढा नाही, टेकडी नाही, सगळं तळहातासारखं सपाट.

"काय शोधताय?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला बाहेर ठेवायचं कारण."

"सापडलं तर मलाही दाखवा. कुणाशी वाकडं नाही माझं. दारात मतदान आलं, तर माझंच दार बाहेर."

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "कारण लिहून आणा, रेघ हलवतो. विनाकारण हलवली तर उद्या सगळे दारात उभे राहतील."

नव्या हद्दी जुन्या गावनकाशांवरून घेतल्या होत्या. बाईंच्या गावाचा नकाशा तीस वर्षांपूर्वी माझ्याच काकांनी आखलेला. कार्यालयात तो फ्रेम करून लावलाय. नव्या लोकांना दाखवतात, हात असावा तर असा. आणि मी मात्र काखेत कळसा असताना गावाला वळसा घालून आले होते.

घरी काकांपुढे मूळ मापाची प्रत पसरली. त्यांनी पाहिलं न पाहिलंसं केलं, चष्मा पुसला, परत घातला. मग उठून कपाटातून एक गोल लोखंडी वजन आणलं, कागद हलू नये म्हणून ठेवतात तसलं. त्या फुगवट्यात ते चपखल बसलं.

"उचललं असतं तर कागद सरकला असता," काका म्हणाले. "म्हणून रेघ कडेकडेनं नेली. जेवून आल्यावर सरळ करणार होतो. येतो तर नकाशा छपाईला गेलेला."

"मग सांगितलं का नाही?"

"आज सांगू, उद्या सांगू. तेवढ्यात त्याला फ्रेम लागली."

मला हसू आलं आणि त्यांचा चेहरा बघून वाईटही वाटलं. इतकी वर्षं दोन्ही बाजूंना मतदारसंघ एकच होता, त्यामुळे कुणाचं अडलं नव्हतं. आता एका बाईचं अडलं होतं. काकांना वेगळं सांगावं लागलं नाही.

शुक्रवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर आले. सगळं कार्यालय उठून उभं राहिलं, ते त्यांना नको होतं. साहेबांनी अदबीनं सुचवलं, "कारण म्हणून 'जुना नकाशा अस्पष्ट' असं लिहूया का?"

"माझा नकाशा अस्पष्ट नाही," काका म्हणाले. मग स्वतःच लिहिलं: आखणाऱ्याची चूक. खाली सही केली. हरकतीसाठी येऊन कोपऱ्यात बसलेल्या शिंपीणबाईंनी पदर सावरला.

सुधारलेली रेघ मारायची वेळ आली. काकांनी पेन उचललं, नकाशापर्यंत नेलं, परत मागे घेतलं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. लहानपणी त्यांच्या नकाशाला नुसतं बोट लावलं तरी ओरडा खायचे मी. श्वास रोखून रेघ मारली.

काका वाकून कितीतरी वेळ बघत राहिले.

"जरा वाकडी आलीये," ते म्हणाले.

"पुसू का?"

"बाई आत आल्या ना?"

"आल्या."

"मग राहू दे."